अधिकार आधी सोडा, आधार शेवटी: खेड्यातल्या ख्रिस्ती माणसाने म्हातारपण कसं सांभाळावं

आमच्या मंडळीत बावीस घरं आहेत. अचलपूर तालुक्यातलं गाव, मिशनच्या काळातलं कौलारू चर्च, आवारात दोन कडुनिंब. रविवारी उपासनेला पन्नासेक माणसं येतात आणि त्यातली निम्मी साठीच्या पुढची असतात. पोरं शिकून नागपूरला, पुण्याला गेली, मागे आम्ही राहिलो. मी एकाहत्तर वर्षांची, शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली. नवऱ्याला मातीला देऊन नऊ वर्षं झाली.

या नऊ वर्षांत दोन चुका मी घरोघरी पाहिल्या. त्यातली एक माझ्या हातूनही झाली. म्हातारी माणसं मंडळीतली पदं, कपाटाच्या किल्ल्या आणि घरातला शेवटचा शब्द मुठीत घट्ट धरून ठेवतात. घर आणि वावर मात्र साठी उलटली की पोराच्या नावावर करून मोकळी होतात. व्हायला हवं ते याच्या नेमकं उलट. अधिकार लवकर सोडावा, आधार शेवटपर्यंत हातात ठेवावा. हे कुठल्या क्रमाने आणि कसं करायचं ते इथे लिहिते आहे. तुम्ही पन्नाशीत असाल तर आत्ताच सुरुवात करा. सत्तरीत असाल तरी यातलं बरंच काही अजून करता येईल.

पहिली पायरी: किल्ली कोणाला द्यायची ते ठरवा

बायबलातल्या गणना पुस्तकाच्या ८व्या अध्यायात लेव्यांबद्दल, म्हणजे देवाच्या मंडपात सेवा करणाऱ्या वंशाबद्दल, एक नियम आहे, तो आपल्याकडे फारसा वाचला जात नाही. लेव्याने पंचविसाव्या वर्षी निवासमंडपाच्या सेवेत यावं आणि पन्नासाव्या वर्षी त्या कामातून मोकळं व्हावं. पण त्याला घरी बसवलेलं नाही. त्याने आपल्या भावांना मदत करावी, राखण करावी, फक्त जड काम अंगावर घेऊ नये. काम सोडल्यावर माणसाची जागा काय, हे देवाने तिथेच सांगून ठेवलं आहे.

दुसरा माणूस बर्जिल्लय. दावीद राजा आपल्या बंडखोर मुलापुढून, अबशालोमापुढून पळाला तेव्हा या म्हाताऱ्याने त्याला आणि त्याच्या माणसांना अन्न पुरवलं. पुढे राजा परत निघाला आणि म्हणाला, माझ्याबरोबर यरुशलेमेला चल, तुला सांभाळीन. बर्जिल्लय ऐंशी वर्षांचा होता. त्याने सांगितलं की मला आता जेवणाची चव कळत नाही, गाणारांचा आवाज नीट ऐकू येत नाही, मी राजाला भार कशाला होऊ? हा किम्हाम आहे, त्याला न्या. आणि स्वतः यार्देनेपलीकडे राजाला पोचवून, मुका घेऊन, आशीर्वाद घेऊन आपल्या गावी परतला. दुसऱ्या शमुवेलाच्या १९व्या अध्यायात हे सगळं आहे. त्यात कुठेही रुसवा नाही. आपलं काय गेलं ते त्याने मोकळेपणाने सांगितलं आणि पुढच्याचं नाव स्वतःच्या तोंडाने घेतलं.

मला हे वेळेवर जमलं नाही. एकतीस वर्षं मी संडे स्कूल चालवलं. आमच्या मंडळीत एक सून आली, डी.एड. झालेली, गळा गोड, मुलांमध्ये रमणारी. तिने तीन वेळा विचारलं, "बाई, मी एखादा वर्ग घेऊ का?" तिन्ही वेळा मी म्हणाले, "पुढच्या वर्षी पाहू." मग तिने विचारणं सोडलं. हळूहळू मुलं अठरावरून सहावर आली आणि मी दोष मोबाईलला देत राहिले. शेवटी एका संध्याकाळी तिच्या घरी गेले, हजेरीबुक तिच्या हातात दिलं आणि तिची माफी मागितली. ती रडली, मीही रडले. आज वर्गात चौदा मुलं आहेत.

तेव्हापासून ज्यांनी विचारलं त्यांना मी हे सांगते. सोडायच्या एक वर्ष आधी नाव ठरवा आणि पाळकांना सांगा. सहा महिने दोघांनी मिळून काम करा: आधी तुम्ही पुढे आणि ती व्यक्ती बाजूला, मग ती पुढे आणि तुम्ही बाजूला. हिशोब, पावतीपुस्तक, बँकेचं पासबुक, किल्ल्या हे सगळं पॅस्टोरेट कमिटीसमोर (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीसमोर) लिहून द्या, दोघांच्या सह्या घ्या. शंभर रुपयांचा फरक असला तरी तो तिथेच सांगा, कारण तुमच्या मागे त्या शंभराचे हजार होतात. आणि नंतरचे सहा महिने त्या खोलीत बसू नका. हे सगळ्यात अवघड जातं. नवीन माणूस गाणं चुकीच्या चालीवर घेतो, चटया उलट्या घालतो, ते दिसतं आणि जीभ शिवशिवते. चारचौघांत दुरुस्ती करू नका. विचारलं तर एकट्यात सांगा, न विचारलं तर प्रार्थना करा.

घरातही हेच. तिजोरीची नाही, स्वयंपाकघराची किल्ली आधी सुनेला द्या. तिखट किती, भाजी कोणती, कोणाला जेवायला बोलवायचं, हा तिचा शब्द. सोमवारी तिने अंबाडीची भाजी आंबट केली म्हणून म्हातारपणाचं काही बिघडत नाही.

दुसरी पायरी: वावर आणि घर जपून

आता उलटी बाजू. शेजारच्या गावातल्या एका काकांनी पाच एकर वावर मोठ्या मुलाला बक्षीसपत्राने दिलं, कारण मुलाला कर्ज काढायचं होतं. दोन वर्षांनी ते मला म्हणाले, "बाई, आता चहाच्या पैशासाठी बी त्याच्याच तोंडाकडे पाहा लागते." मुलगा वाईट नव्हता. कापसाचा भाव पडला, बोंडअळी आली, त्याचंच भागेना. पण बापाच्या हातातला आधार गेला तो गेला.

म्हणून हा फरक नीट समजून घ्या. बक्षीसपत्र नोंदवलं की मालमत्ता आजच हातातून जाते. मृत्युपत्र मात्र तुमच्या मागेच लागू होतं आणि जिवंत असेपर्यंत ते कितीही वेळा बदलता येतं. म्हणून मृत्युपत्र करा. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही. साध्या कागदावर, शुद्धीत असताना, स्वतःच्या सहीने किंवा अंगठ्याने करता येतं. दोन साक्षीदार हवेत आणि दोघांनीही तुम्हाला सही करताना पाहिलेलं हवं. ज्याला काही द्यायचं आहे त्याला किंवा त्याच्या बायकोला साक्षीदार करू नका, नाहीतर त्याला दिलेला वाटा रद्द ठरतो. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून घेतलेली बरी. वय जास्त असेल तर तुम्ही शुद्धीत असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा.

मृत्युपत्र नसेल तर काय होतं? ख्रिस्ती लोकांना १९२५चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. नवरा वारला आणि मागे बायको-मुलं असतील तर एक तृतीयांश बायकोला आणि उरलेले दोन तृतीयांश सगळ्या मुलांना सारखे, मुलीला मुलाइतकेच. गावात अजूनही पुष्कळ ख्रिस्ती घरांत मुलीला "तुझं लग्नात दिलं" असं सांगून सह्या घेतल्या जातात. मी मुलींची आई आहे आणि शिक्षिका होते, म्हणून हे स्पष्ट लिहिते: तो तिचा हक्क आहे, उपकार नाही. कोरकू आणि इतर आदिवासी कुटुंबांना जमिनीचे वेगळे नियम लागतात, त्यांनी तहसीलमध्ये विचारून मगच कागद करावा.

काही कारणाने जमीन आत्ताच द्यावी लागली, तर "आम्हा दोघांना मरेपर्यंत अन्न, वस्त्र, औषध द्यायचं" ही अट कागदातच लिहून घ्या. २००७च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार अशी अट मोडली तर हस्तांतरण रद्द करून मागता येतं. तोंडी वचनावर हा आधार मिळवणं फार कठीण. अर्ज प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे करायचा. त्याच कायद्याने महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ताही मागता येतो. पोराविरुद्ध अर्ज करणं ख्रिस्ती माणसाला शोभतं का, असं मला विचारतात. माझं मत असं की आधी पाळक आणि दोन वडीलधारी माणसं घेऊन घरात बसावं. तिथे ऐकलं नाही तर अर्ज करावा आणि मुलाचं नाव प्रार्थनेतून काढू नये. उपाशी राहून मुलाला पापात ठेवणं ही काही प्रीती नव्हे.

चर्चला जमीन द्यायची इच्छा असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जवळचे नातेवाईक असताना धर्मादाय कामासाठी मृत्युपत्राने देणगी देण्यावर ख्रिस्ती लोकांना जुन्या कायद्यात अट होती. सर्वोच्च न्यायालयाने ती २००३ मध्ये रद्द केली. तरी आधी बायकोची सोय बघा. देवाला वाहिलं असं सांगून आईबापाला न देणाऱ्यांना प्रभूने मार्काच्या ७व्या अध्यायात काय सुनावलं ते वाचा. बायकोच्या बाबतीत वेगळं कसं असेल?

सरकारकडून मिळणारं घ्यायला लाजू नका. पासष्ट वर्षं पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत असेल तर श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार रुपये मिळतात. अर्ज तहसीलला किंवा सेतू केंद्रात, खातं आधारला जोडलेलं हवं, आणि हयातीचा दाखला वर्षाच्या वर्षी द्यावा लागतो, तो चुकला की पैसे थांबतात. सत्तर पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. एसटीत पंच्याहत्तरीपुढे तिकीट लागत नाही, पासष्ट ते पंच्याहत्तर अर्धं तिकीट. कोणी छळत असेल, कोणी नसेल, तर १४५६७ हा ज्येष्ठांचा मदत क्रमांक फुकट आहे. मंडळीतल्या एखाद्या तरुणाने एक शनिवार काढून सगळ्या म्हाताऱ्यांचे कागद तपासले तर ती मोठी सेवा होईल.

तिसरी पायरी: देह हे मंदिर आहे, तर डागडुजीही करा

काही वर्षांपूर्वी एका आरोग्य-प्रार्थनेच्या सभेत मला सांगण्यात आलं की तुझी साखर गेली, विश्वास असेल तर गोळी सोड. मी सोडली. अकराव्या दिवशी चक्कर येऊन पडले आणि चार दिवस सलाईनवर होते. देव बरं करतो यावर माझा आजही विश्वास आहे. याकोबाच्या पत्रात मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना बोलवून तेल लावून प्रार्थना करायला सांगितलं आहे, ते आमच्याकडे आजही होतं. पण त्या पत्रात औषध फेका असं लिहिलेलं नाही आणि पौलाचा सोबती लूक वैद्य होता. तेल कपाळाला लावा, गोळी पोटात घ्या. बरे झालात असं वाटलं तर तपासणी करा आणि डॉक्टर कमी करतील तेव्हाच कमी करा.

आमच्याकडचा उन्हाळा वेगळा लिहायला हवा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि म्हाताऱ्या माणसाला तहान कमी जाणवते, म्हणून तहान लागण्याची वाट पाहू नका. तांब्या जवळ ठेवा, दर तासाला घोटभर घ्या. ज्वारीची आंबील, कैरीचं पन्हं, ताक चालतं, साखरेवाल्यांनी पन्ह्यात गूळ घालू नये. लघवीची गोळी चालू असेल तर पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा. गुड फ्रायडेची उपासना दुपारी बारा ते तीन असते आणि ती बहुतेक वर्षी एप्रिलमध्ये येते. आमच्याकडे आता म्हाताऱ्यांना पंख्याखाली खुर्च्या देतात आणि येशूच्या क्रुसावरच्या सात वचनांपैकी तिसऱ्या वचनानंतर पाणी फिरवतात. तुमच्याकडे नसेल तर सुचवा.

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, उपास करणाऱ्यांनी गोळ्यांचा विचार करावा. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेणाऱ्याने जेवण सोडू नये. त्या दिवसांत बोलण्यातली कडू गोष्ट सोडा, नातवाचा टीव्ही चालू असताना तक्रार सोडा, एक वेळच्या दुधाचे पैसे बाजूला टाकून एखाद्या विधवेला द्या.

गुडघे वाकत नसतील तर बसून प्रार्थना करा. जुन्या करारातल्या याकोबाने मरताना काठीच्या टोकावर टेकून उपासना केली, असं इब्री लोकांस पत्राच्या ११व्या अध्यायात आहे. तरी आमच्याकडची माणसं चर्चला येताना काठी दाराबाहेर ठेवून भिंत धरत येतात. काठी आत आणा. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा ठेवा, ओली फरशी पुसून घ्या. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहू नका. दिसेनासं झालं की शास्त्र वाचणं आधी सुटतं. तोवर मोबाईलवर मराठी शास्त्र ऐकता येतं, नातवाला सांगून चालू करून घ्या.

आणि विसर. एकच गोष्ट दहा वेळा विचारणं, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, पैशाचा हिशोब न लागणं, हे दिसू लागलं तर डॉक्टरांकडे न्या. त्याला सैतानाचं काम म्हणू नका, त्या माणसावर रागावू नका. आमच्या मंडळीतल्या एका आजींना शेवटी लेकीचं नाव आठवत नसे, पण भजन सुरू केलं की तीनही कडवी सरळ म्हणत. म्हणून आत्ताच, डोकं शाबूत असताना, पाचसहा स्तोत्रं आणि दहाबारा गीतं पाठ करा. तेविसावं तर येतंच. एकाहत्तरावं करा, ते म्हाताऱ्या माणसाचं आहे: मला टाकू नको, पुढच्या पिढीला तुझं सामर्थ्य सांगेपर्यंत सोडू नको, अशी विनवणी त्यात आहे.

चौथी पायरी: पहाटेचं काम

पहाटे चारला डोळा उघडतो आणि मग झोप येत नाही, ही सगळ्या म्हाताऱ्यांची तक्रार. मी त्याला आता तक्रार म्हणत नाही. लूकाच्या २ऱ्या अध्यायातली हन्ना चौऱ्याऐंशीची विधवा होती, लग्नानंतर सातच वर्षं संसार झालेला, आणि ती रात्रंदिवस मंदिरात उपास-प्रार्थना करत असे. बाळ येशू मंदिरात आणला तेव्हा गर्दीतून तिने त्याला ओळखलं. माझ्या मते तिला ते उगाच ओळखू आलं नाही. इतकी वर्षं वाट पाहून तिची नजर तयार झाली होती.

एक शंभर पानी वही घ्या. वारांप्रमाणे नावं लिहा. माझ्या वहीत सोमवारी घर, मंगळवारी पाळक आणि कमिटी, बुधवारी आजारी, गुरुवारी कामासाठी पुण्या-सुरतेला गेलेली पोरं, शुक्रवारी ज्यांच्याशी मन दुखावलं ते, शनिवारी सगळं गाव. गावात शेतकरी आहेत, त्यांची जात-धर्म मी लिहीत नाही, कोणाचं कर्ज आहे आणि कोणाच्या घरी लग्न आहे ते लिहिते. रविवारी मागणं नाही, फक्त आभार. नावापुढे तारीख टाका. महिन्यातून एकदा त्यातल्या एखाद्याला फोन करा: "आज तुझं नाव घेतलं, कसा आहेस?" एवढंच. उपदेश नको. सुरतेतल्या एका पोराने मला नंतर सांगितलं की महिन्यातला तो एकच फोन असा असायचा ज्यात कोणी पैसे मागत नव्हतं.

एक धोका आहे. "प्रार्थनेचा विषय" म्हणून आपण दुसऱ्याच्या घरातली गोष्ट मंडळीभर पोचवतो. तीताला लिहिताना पौलाने वृद्ध स्त्रियांना चहाडखोर नसावं असं मुद्दाम सांगितलं, त्याअर्थी ही खोड जुनी आहे. ज्याने सांगितलं त्याच्या परवानगीवाचून विषय मोठ्याने मांडू नका. वहीत लिहिलंत, देवाला सांगितलंत, झालं.

चालता येत नसेल तर मंडळीला घरी बोलवा. घर-प्रार्थना महिन्यातून एकदा तुमच्या ओसरीत ठेवा, चहा-मुरमुऱ्यांवर भागतं. प्रभुभोजन घरी आणायला पाळकांना सांगा. सांगायला संकोच करतात आणि मग "आम्हाला कोणी विचारत नाही" म्हणतात. रूथची सासू नामी बेथलेहेमात परतली तेव्हा म्हणाली, मला 'मारा' (म्हणजे कडू) म्हणा, माझं आयुष्य कडू झालं. पण तिने ते गावातल्या बायकांना सांगितलं, खोली बंद करून नाही. म्हणूनच पुढे शेजारणी तिच्या मांडीवरचं बाळ पाहायला आल्या.

पाचवी पायरी: आपली गोष्ट लिहून ठेवा

विदर्भातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांची वंशावळ तीन पिढ्यांवर थांबते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडातल्या मिशनच्या अनाथाश्रमांनी पोरकी मुलं घेतली. त्यांची लग्नं झाली, घरं झाली. माझे पणजोबा तसेच आले. त्यांच्या आईचं नाव आम्हाला माहीत नाही. आजोबा सांगत की पणजोबा आठ वर्षांचे असताना एका बैलबंडीत बसून आले आणि त्यांना पहिल्यांदा पोटभर ज्वारीची कण्यांची पेज मिळाली, एवढंच त्यांना आठवत असे. ही पेज मी माझ्या नातवंडांना सांगितली नाही तर ती माझ्याबरोबर मातीत जाईल.

काय लिहायचं? कोण कुठून आलं, बाप्तिस्मा कुठे झाला, लग्न कोणत्या चर्चमध्ये झालं, कोणती गाणी म्हणत, कोणत्या वर्षी देवाने कसं तारलं. चुकाही लिहा. जुन्या मंडळीच्या बाप्तिस्मा-नोंदवहीत नावं सापडतात, पाळकांना विचारून पाहा, पानं फाटत असतील तर मोबाईलवर फोटो काढून ठेवा. लिहिता येत नसेल तर बोला, नातवंडं मोबाईलवर भरून घेतील. शाळा शिकल्या नव्हत्या तरी लक्ष्मीबाई टिळकांनी (१८६८–१९३६) आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत आपल्या आठवणी लिहिल्या आणि मराठी माणूस त्या आजही वाचतो. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण वहीची चाळीस पानं जमतील.

नातवंडं चर्चला येत नाहीत, सून दुसऱ्या समाजातली आहे, हे दुःख आमच्याकडे पुष्कळ घरांत आहे. टोचून बोलल्याने कोणी आलेलं मी पाहिलं नाही. याकोबाने आंधळ्या होत चाललेल्या डोळ्यांनी योसेफाच्या दोन्ही मुलांना, मिसरी आईच्या मुलांना, जवळ घेतलं आणि डोक्यावर हात ठेवला. तुम्हीही ठेवा. झोपताना, परीक्षेला जाताना, गावाला परत निघताना. एक वाक्य पुरे: "देव तुला सांभाळो." माझी सून आता मुलांना निघताना स्वतःच म्हणते, "थांबा, आजीचा हात घ्या."

सहावी पायरी: धुऱ्यावरचं भांडण

हे लांबवू नका. आमच्याकडे भावाभावांत धुरा (शेताचा बांध) सरकला म्हणून वीस-वीस वर्षं बोलणं बंद असतं आणि दोघंही एकाच प्रभुभोजनाला येतात. मंडळीत गट पडतात, कोर्टकचेऱ्या होतात, मूळ कारण विसरलं जातं.

ज्याचं मन दुखावलं त्याच्या घरी स्वतः जा, निरोप पाठवू नका. सकाळी जा, पाणी मागून प्या. त्याची चूक काढू नका, फक्त तुमची सांगा. त्याने काही नाही म्हटलं तरी प्रार्थना करून उठा. जमीन किंवा पैसा देणं असेल तर तेवढं देऊन टाका, कारण रिकाम्या हाताने मागितलेली माफी समोरच्याला कळत नाही. आणि ज्याने तुमच्यावर अत्याचार केला, मारहाण केली, त्याच्या घरी एकट्याने जायची गरज नाही. क्षमा करण्यासाठी त्याच्या ओसरीवर बसावंच असं नाही.

सातवी पायरी: शेवटचा कागद

याकोबाने आपल्याला कोणत्या गुहेत पुरावं ते सांगून ठेवलं, योसेफाने हाडांचीही सोय लावली. आपण मात्र बोलायला घाबरतो. एक कागद लिहा आणि तो ट्रंकेत नाही, सगळ्यांना माहीत असलेल्या जागी ठेवा. त्यात हे असावं: कोणत्या पाळकांना बोलवायचं, कोणती तीन गाणी, कोणतं वचन, कोणत्या नातेवाइकांना फोन. पेटी साधी. कर्ज काढून जेवणावळ नको. आपल्याकडे शेजाऱ्यापाजाऱ्यांचं पाहून तेरवीसारखी मोठी पंगत ख्रिस्ती घरांतही घालतात, विधवेच्या अंगावर पन्नास हजारांचं ओझं पडतं. त्याऐवजी आठवण-सभा ठेवा, चहा द्या. दवाखान्यात नळ्या लावून किती दिवस ठेवायचं, याबद्दलही मुलांशी बोलून ठेवा. त्या रात्री त्यांना ठरवणं फार जड जातं.

कबरस्तानाची जागा गावच्या नोंदीत आहे का ते जिवंतपणी पाहा. ग्रामपंचायतीत आणि सातबाऱ्यावर तिची नोंद नसेल तर मंडळीच्या नावाने अर्ज करा. उन्हाळ्यात देह वाट पाहत नाही आणि त्या वेळी जागेवरून वाद होणं फार वाईट.

शेवटची: घेणं शिका

यासाठी मला सगळ्यात जास्त वेळ लागला. आयुष्यभर दुसऱ्याचं केलं, आता दुसऱ्याने आपलं केलेलं सोसवत नाही. पेत्राचंही तसंच होतं. प्रभू पाय धुवायला आला तेव्हा तो म्हणाला, तू माझे पाय कधीच धुणार नाहीस. आणि योहानाच्या शेवटच्या अध्यायात प्रभूने त्यालाच सांगितलं की तरुणपणी तू स्वतः कंबर बांधून हवं तिथे जात होतास, म्हातारा झालास की हात लांब करशील आणि दुसरा तुझी कंबर बांधील.

जपून सुरुवात करा. एक काम आधी दुसऱ्याला करू द्या: नखं कापणं, बादली उचलणं, औषधाच्या गोळ्या वारांप्रमाणे लावणं. "राहू दे, मी करते" हे वाक्य दिवसातून एकदा गिळा. आभार मानताना पुढे "तुला त्रास झाला" जोडू नका. आजारपणात अंग पुसायची वेळ आली तर कोण चालेल ते आधी सांगा. लेक, सून, नर्स, यात लाज नाही. सांभाळणाऱ्यालाही आठवड्यातून अर्धा दिवस सुट्टी मिळेल असं मंडळीतल्या दुसऱ्या बाईला बसवा. सून थकली की प्रेमही थकतं, हा तिचा दोष नव्हे.

मागच्या थंडीत माझ्या पायांना भेगा पडून रक्त येत होतं. सुनेने घमेल्यात कोमट पाणी आणलं, मीठ टाकलं आणि खाली बसली. मी पाय मागे ओढला. ती म्हणाली, "आई, आता रोज नका ना ओढू." तिचा हात पाण्यातच होता, पाणी निवत चाललं होतं. मी पाय पुढे केला.